दोष भिंतींचा

हॉलच्या मधोमध उभं राहून त्या कारागिरानं एक टाळी वाजवली आणि कान देऊन ऐकलं. "आता आवाज अजिबात घुमत नाही, काका. खोली झकास झालीय."

निवृत्तीनंतर घरीच निवांत सिनेमे पाहायचे म्हणून मी नवे स्पीकर घेतले होते, पण संवादच कळेनात. दोष उघड्या भिंतींचा, असं मी धरून चाललो. जाड पडदे लावले, गालिचा अंथरला, शेवटी या माणसाकडून भिंतींना कापडी गाद्याही ठोकून घेतल्या.

तो गेल्यावर सिनेमा लावला. नायिका काहीतरी सांगत होती आणि मला तिचे हलणारे ओठच तेवढे दिसत होते.

"काय म्हणाली गं?" मी बायकोला विचारलं. सुमननं शब्द न् शब्द सांगितला.

आपल्यातली उणीव माणूस किती दिवस घरभर शोधत राहतो! भिंतींना निदान गाद्या तरी ठोकता येतात.

सुमन आणखी काही बोलली. मी सवयीनं हसून मान डोलावली. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग अगदी जवळ येऊन, सावकाश म्हणाली, "अहो, मी विचारलं, कधीपासून ऐकू येत नाहीये तुम्हाला?"