उलट्या कडीचे रुपये

नांदेडच्या सराफ्यात एखादा झिजलेला रुपया कोणालाच ओळखता आला नाही, की तो विशाखाबाई सोनकांबळे यांच्याकडे पाठवला जाई. महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंची कामाची रीत ठरलेली होती. नाणे त्या कधी घासत नसत, आणि कोणी चिंचेने लख्ख करून आणले तर त्याला चार शब्द ऐकवल्याशिवाय ते हाती घेत नसत. आधी ते तराजूवर ठेवायचे. निजामाचा हाली रुपया इंग्रजांच्या कलदाराहून किंचित हलका असतो. तेवढ्यावरच निम्मे काम होई. मग खिडकी बंद करून बाजूने, जवळजवळ आडवा, दिव्याचा झोत टाकायचा. साफ गुळगुळीत वाटणाऱ्या चांदीवर तेव्हा चारमिनारची कमान सावलीसारखी वर येई, नाहीतर एखाद्या बादशहाच्या मुकुटाची कडा.

लोक याला छंद समजत. तो छंद नव्हता. विशाखाबाई कित्येक वर्षे एका माळेतले सतरा रुपये शोधत होत्या.

ती माळ त्यांच्या आईची, सरजाबाईची. रेणापूरपलीकडच्या एका गावात हे कुटुंब राही. सरजाबाईच्या आजीपासून एकेक रुपया जमवत ती माळ तयार झालेली. कुठला निजामाचा, कुठला इंग्रजांचा. सोनार अशा रुपयाला कडी जोडतो ती चित्राच्या डोक्याकडे, म्हणजे समोरच्याला चित्र सरळ दिसते. सरजाबाईने मात्र सगळ्या कड्या पायाकडे जोडून घेतल्या होत्या. मान खाली घातली की चारमिनार तिला स्वतःला सरळ दिसे. बायका हसत. त्यावर तिचे उत्तर ठरलेले असे, "माळ माझी हाय. मला नीट दिसली म्हंजी झालं."

एका वर्षी ऊसतोडीला जाताना तिने ही माळ गावातल्या कस्तुराबाईंकडे ठेवायला दिली. त्यांच्या घरी लोखंडी तिजोरी होती, आणि हंगामाला बाहेर पडणारे लोक आपली चीजवस्तू त्यांच्याच हवाली करून जात. त्याला कागद नसे, साक्षीदारही नसे. हंगाम संपवून सरजाबाई परतली, तेव्हा कस्तुराबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या की असे काही आपल्याकडे नाही. सरजाबाई गप्प बसली नाही. तेव्हा मोठ्या घरावर आळ घेतला म्हणून तिला पारासमोर नाक घासायला लावले आणि "मी खोटं बोलले" असे वदवून घेतले. कस्तुराबाईंचा मुलगा शेषेराव तेव्हा मिसरूड फुटलेला होता. पारावर तोच सर्वांत मोठ्याने हसत होता. आठ वर्षांची विशाखा आईचे लुगडे धरून उभी होती.

पुढे गावात तिला खोटी सरजी हेच नाव पडले. पाणी भरताना, शेतात खुरपताना, तिच्या नवऱ्याच्या मयतीतसुद्धा. विशाखा शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन नांदेडची झाली, आईला घेऊन आली. पण ते नाव आईच्या मागून नांदेडपर्यंत आले. शेवटच्या आजारात सरजाबाई नर्सलासुद्धा सांगत असे की मी खोटं बोलले नव्हते. त्या नर्सला माळ ठाऊक नव्हती, गावही नाही. ती नुसती मान हलवी.

आईच्या मयतीनंतर विशाखाबाईंनी भिंग विकत घेतले. चोरीची चांदी आज ना उद्या सराफ्यात उतरते, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. माळ सराफ्यात आली नाही. ती गेल्या हिवाळ्यात शेषेरावाच्या हातून थेट त्यांच्या टेबलावर आली.

शेषेराव आता सत्तरीपुढचे होते. गावात त्यांनी वडिलांच्या नावाने जुन्या वस्तूंचे दालन बांधले होते, आणि वडिलांच्या पेटीत सापडलेले रुपये तिथे मांडायचे होते. लातूरच्या कोणीतरी त्यांना नांदेडच्या मॅडमचे नाव सांगितले. मॅडमचे माहेर कोणते, हे विचारण्याचे त्यांना कारण नव्हते.

विशाखाबाईंनी पहिला रुपया दिव्याखाली धरला. कडी कापून कड कानशीने घासलेली होती. पण डाख देऊन जोडलेल्या जागी चांदीचा रंग पिवळट उतरतो, तो कानशीने जात नाही. त्यांनी चारमिनार सरळ केला. पिवळा डाग पायाशी आला. दुसरा, तिसरा, पाचवा, सगळे तसेच. त्यांनी शांतपणे दिवा विझवला आणि पाहुण्यांसाठी चहा टाकला.

चहा देताना त्या सहज बोलल्यासारख्या बोलल्या, की बाईच्या गळ्यात घातलेल्या रुपयाला जाणकारांत मान नसतो. हे साफ खोटे होते. शेषेरावांनी कप खाली ठेवला.

"आमच्या घरातल्या बायांच्या गळ्याला चांदी कधी लागली न्हाई, मॅडम. आमच्यात गळ्यात सोनं. चांदी पायात."

"हे गावासमोर सांगाल? मग मीही येऊन एकेक रुपया वाचून दाखवते."

"सांगतो की. माइकवर सांगतो."

उद्घाटनाला सगळे गाव आले. नव्वदीला टेकलेल्या कस्तुराबाईंना पुढे खुर्चीत बसवले होते. शेषेरावांनी भाषणात गळ्यातले सोने आणि पायातली चांदी हे अगदी शब्दशः सांगितले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग विशाखाबाई उठल्या. मागच्या पडद्यावर रुपयांची मोठी छायाचित्रे होती. वर्गात शिकवावे तशा त्या सावकाश सांगत गेल्या: हा हाली, वजनावरून, ही कमानीची उरलेली रेघ, हा कलदार, बादशहाचा चेहरा गेला आहे पण मुकुटाचे टोक राहिले आहे. गाव कौतुकाने ऐकत होते. त्याच सुरात त्यांनी प्रत्येक रुपयावरचा पिवळा डाग दाखवला.

"इथं कडी होती. सतराच्या सतरा रुपयांना, आणि सगळ्यांना पायाकडून. म्हणजे हे रुपये गळ्यातले आहेत. शेषेरावांच्या घरातल्या गळ्यातले नाहीत, हे त्यांनीच आत्ता सांगितलं. उलट्या कड्यांची माळ या गावात कोणाची होती, ते कस्तुराबाईंना विचारू."

त्या माइक घेऊन खुर्चीपर्यंत चालत गेल्या. म्हातारीला कशाला त्रास देता मॅडम, असे म्हणत शेषेराव आडवे आले.

"मॅडम नव्हे, शेषेराव. मी सरजीची विशी."

शेषेरावांचा पुढे झालेला हात खाली गेला. कस्तुराबाई पडद्याकडे बघत होत्या. त्यांचे ओठ थरथरत होते. विशाखाबाईंना ते दिसत होते, आणि त्यांनी माइक तसूभरही मागे घेतला नाही.

"सरजीचीच हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "मीच ठिवून घेतली. मालक म्हनले, न्हाई म्हन. म्या न्हाई म्हनलं."

माइकने ते शब्द मंडपाबाहेर रस्त्यापर्यंत नेले. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांपैकी कोणी मान वर केली नाही.

शेषेरावांनी नंतर बाजूला नेऊन रुपयांची डबी पुढे केली आणि मिटवून टाकू म्हणाले. विशाखाबाईंनी डबी घेतली नाही. सर्व कड्या होत्या तशा, पायाकडून, जोडून घ्याव्यात आणि माळ शेषेरावांनी स्वतः चालत, दिवसाउजेडी, पारावरून सरजाबाईच्या वस्तीतल्या बुद्धविहारात आणून द्यावी, असे त्यांनी सांगितले. दालनाची गावभर शोभा झालेली होती. शेषेरावांना ते करावे लागले. वस्तीतल्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. एकीनेही त्यांना पाणी विचारले नाही.

महिनाभराने ते नांदेडला विशाखाबाईंच्या दारी आले. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती, अन्न सुटले होते, आणि सारखी म्हणत होती की सरजीच्या पोरीला एकदा बोलवा, तिने मला माफ केलं म्हणावं. विशाखाबाई दारातच उभ्या राहिल्या आणि येणार नाही म्हणाल्या.

"मरायला टेकलेली बाई हाय," शेषेराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "आता मी काय तुझ्या दारात नाक घासू?"

"म्हणजे तुम्हाला आठवतंय."

  शेषेरावांनी अगदी हळू विचारले, की आईला काय सांगू.

"सांगा, विशी घरीच होती, पण आली नाही," विशाखाबाई म्हणाल्या, आणि ते चपला पायात घालतात तोच त्यांनी दार लावून घेतले.