चिंचेला वळसा

चार बायका जमल्या की साड्यांचं बोलणं निघतं, असं पुरुष म्हणतात. आम्ही पीटीच्या मॅडम जमलो की मुरगळलेले पाय, हरवलेले बूट आणि वेळेवर न आलेले पंच यांचं बोलणं निघतं आणि चहा गार होतो. माझ्याकडे इतके किस्से साठलेत की नवरा विचारतो, "तुमच्या कॉलेजात अभ्यास कुणी करतं का गं?" मला काय माहीत? मी त्या बाजूला फिरकतच नाही!

हिमायतनगरच्या मागच्या गल्लीत आमचं मुलींचं छोटंसं कॉलेज आहे. मुली थोड्या, त्यातून खेळणाऱ्या आणखी थोड्या. त्यामुळे खो-खोची टीम तीच कबड्डीची टीम, तीच व्हॉलीबॉलची आणि गरज पडली तर तीच बुद्धिबळाचीही. एका स्पर्धेत नावनोंदणीच्या टेबलावरचे सर प्रत्येक खेळाला त्याच मुली पाहून वैतागले आणि म्हणाले, "मॅडम, कॉलेज में और बच्चियां नहीं हैं क्या?"

आमची कॅप्टन समीना म्हणाली, "हैं ना सर. वो लोगां पढ़रे!"

*

याच प्रकारामुळे व्हॉलीबॉलमध्ये आमची एकदा शोभा झाली. आमची स्वप्ना सर्व्हिस करायला मागे निघाली. जाता जाता वाटेत वाकून उभ्या असलेल्या समीनाची पाठ दिसली. वर्षभराची सवय! स्वप्नाने सण्णकन थाप मारली आणि ओरडली, "खो!"

समीना जी सुटली ती सुसाट. नेटच्या खांबाला हात लावला, वळली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की हातात बॉल असलेला खेळ चालू आहे.

पंचांनी शिट्टी तोंडातून काढली. "ये कहां गई थी?"

स्वप्ना शांतपणे म्हणाली, "आगई सर. खांब को छू के आगई."

*

ऋतुजा आमच्या टीममधली एकुलती एक मराठी मुलगी. आईवडील पुण्याचे, दोघंही आयटीत. मी मराठी आहे हे कळल्यावर तिची आई माझ्याशी मन मोकळं करायला कॉलेजात आली.

"मॅडम, खेळू दे हो, पण खो-खो? उद्या रेझ्युमेमध्ये काय लिहायचं तिने?"

मी म्हटलं, "लिहा, पाठीवर थाप पडली की एकही प्रश्न न विचारता कामाला लागते."

बाई कंपनीत कुठलीशी टीम सांभाळतात. त्यांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की मलाच त्यांची दया आली.

"अशी एक जरी माझ्याकडे असती ना!"

दुसऱ्या दिवशी ऋतुजा नवीन बूट घालून आली.

*

आता आमच्या ग्राउंडबद्दल सांगते. ग्राउंड म्हणजे गेट आणि ऑफिस यांच्यामधला मातीचा तुकडा. त्यात खो-खोचं मैदान बसतं, पण बरोबर तिसऱ्या पाटीच्या, म्हणजे तिसऱ्या आडव्या पट्ट्याच्या, बाजूला, पळायच्या वाटेवरच, चिंचेचं झाड आहे. आमच्या मुली त्या झाडाला वळसा घालूनच पळायला शिकल्या. पहिल्या वर्षाची प्रत्येक मुलगी एकदा त्या झाडावर आपटते. त्यानंतर पुन्हा नाही.

प्रिन्सिपल वसुंधरा मॅडमचीही रोजची वाट तीच. गेटपाशी गाडीतून उतरायचं, मैदानातून सरळ ऑफिसकडे निघायचं आणि चिंचेपाशी उजवीकडून वळायचं. तिथे एक फांदी खाली आलेली आहे आणि मॅडमचा अंबाडा मोठा आहे. तेव्हा डाव्या हाताने फांदी वर करायची, मान खाली घालायची, पलीकडे जायचं आणि म्हणायचं, "हे झाड एकदा काढलंच पाहिजे!"

त्या तेलुगू, मी मराठी, त्यामुळे आमचं भांडण नेहमी इंग्रजीत होतं आणि ऐन रंगात आलं की दोघींनाही शब्द पुरत नाहीत. यंदा मात्र त्यांनी पुरेसे शब्द जमवून आणले होते. स्टाफच्या गाड्या रस्त्यावर लागतात, ट्रॅफिकवाले उचलून नेतात, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत झाड तोडायचं, सिमेंट घालायचं आणि पार्किंग करायचं.

"आणि माझ्या मुली?"

"इनडोअर गेम्स, मिसेस कदम. कॅरम!"

या पोरींना घरी अंगण नाही, गल्लीत जागा नाही. पळायला मिळतं ते एवढ्याच तुकड्यावर. मी म्हटलं, "खो-खोचा कप आणला तर?"

"आधी आणा तर खरं. मग बघू."

*

नेमकी त्याच आठवड्यात रेषा मारायची फक्की संपली. बातमी समीनाच्या अब्बांच्या कानावर गेली. बेगम बाजारात त्यांचं होलसेलचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी समीना ऑटोतून तांदळाच्या पिठाचं पोतं घेऊन उतरली.

"अब्बा बोले, सफेदच होना ना? लेके जाव!"

रेषा मारायचं काम मी स्वप्नाला दिलं. तिच्या घरी दारात रोज मुग्गू असतो, म्हणजे आपली रांगोळीच, त्यामुळे तिचा हात सरळ. पण आठ चौकोन मोकळे ठेवणं काही तिच्या जिवाला बरं वाटेना. तिने प्रत्येक चौकोनात एक कमळ काढलं!

मी आले तेव्हा आठ मुली आठ कमळांवर ओळीने बसलेल्या. गेटपाशी वसुंधरा मॅडम थांबलेल्या, आणि चपला काढून हातात घेतलेल्या.

"अष्टलक्ष्मी!" त्या पुटपुटल्या आणि भिंतीच्या कडेकडेने ऑफिसात गेल्या.

संध्याकाळपर्यंत मुंग्यांनी सगळं मैदान खाल्लं.

*

स्पर्धा सिकंदराबादच्या मोठ्या ग्राउंडवर होती. सपाट, स्वच्छ, झाडबिड काही नाही. पहिल्याच मॅचला माझ्या लक्षात आलं की आमच्या पोरी तिसऱ्या पाटीपाशी आल्या की वळसा घालतायत. कशाला? कशालाच नाही! मागची मुलगी सरळ सूर मारायची आणि आमची तोवर बाजूने निघून गेलेली असायची.

मी मध्यंतरात ओरडले, "अगं, इथे झाड नाहीये!"

समीना म्हणाली, "हमकू मालूम है मॅडम. पैरां को कौन बोलना?"

सेमीफायनलला समोरच्या टीमची कॅप्टन पंचांकडे तक्रार घेऊन गेली. "सर, ये लोगां हवा से कायकू बचरे?"

पंचांनी नियमांचं पुस्तक चाळलं. हवेपासून वाचायला बंदी कुठे लिहिलेली नव्हती.

*

फायनलला वसुंधरा मॅडम स्वतः आल्या. जांभळी रेशमी साडी, अंबाड्यात मल्ली, म्हणजे आपला मोगरा, चेहरा मात्र पार्किंगचा. त्यांना मैदानाच्या एका टोकाच्या खांबामागे पहिल्या रांगेत खुर्ची दिली. स्टेज समोरच्या टोकाच्या खांबामागे.

"सिमेंटवाल्याला सोमवारी बोलावलंय," त्यांनी मला बसता बसता सांगितलं. मॅच बघायची माझी इच्छाच मेली.

शेवटी आमची एकटी ऋतुजा मैदानात उरली. शिट्टी होईपर्यंत ती टिकली तर कप आमचा. मागे त्यांची सगळ्यात उंच मुलगी लागलेली. ऋतुजा सरळ पळत तिसऱ्या पाटीपाशी आली. उंच मुलीने सूर मारला. ऋतुजाने वळसा घातला. त्या मुलीच्या हातात नुसती माती आली आणि शिट्टी वाजली.

पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मीही रडले, खोटं कशाला सांगू? ऋतुजाची आई तर ऑफिसचा फोन कानाला तसाच ठेवून नाचत होती.

कप घ्यायला आमच्या प्रिन्सिपलना बोलावलं. वसुंधरा मॅडम उठल्या, साडी सावरली आणि मोकळ्या मैदानातून सरळ स्टेजकडे निघाल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. सोमवारचं काय, ते काही केल्या कळेना.

तिसऱ्या पाटीपाशी त्या आल्या. उजवीकडे वळल्या. डावा हात वर केला, मान खाली घातली, दोन पावलं तशाच वाकून चालल्या आणि पलीकडे गेल्यावर हात अलगद खाली सोडला.

मग अंबाडा चाचपून बघितला आणि कप घ्यायला स्टेजवर चढल्या.