रात्रीचे दोन तांबे

जळगावच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि पेन्सिलीच्या टोकाने एक पांढरा ठिपका दाखवला. "रीनल कॅल्क्युलस," ते म्हणाले. म्हणजे मूत्रपिंडातला खडा. "बोराएवढा आहे. आपोआप पडणार नाही, काढावाच लागेल." खडा ज्याचा, तो माझा मित्र सुगनचंद माझ्याकडे बघून हसला. घाम मात्र मला फुटला.

सुगन पाचोऱ्याचा, कापडाचा दुकानदार. त्याच्या आजोबांनी मारवाडातून येऊन दुकान थाटलं होतं. ते जैन, आम्ही शेतकरी. पण चौथीपासून आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी धुळ्याच्या शाळेत गणित शिकवू लागलो, तेव्हापासून तो मला मास्तर म्हणायचा. त्याची बायको सात महिन्यांची गरोदर, वडील वारलेले, भाऊ नाही. मला मे महिन्याची सुटी होती. "मी आहे ना," असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं.

ऑपरेशनचं नाव पायलोलिथॉटॉमी. कंबरेच्या बाजूला चीर द्यायची, मूत्रपिंडाच्या तोंडाशी असलेली पिशवी उघडायची आणि खडा काढायचा. ते नीट पार पडलं. टाके निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, "महिनाभर कुणा डॉक्टरच्या नजरेखाली राहू द्या. आणि पाणी प्या, भरपूर. रात्रीचं तर चुकवू नका. रात्री लघवी घट्ट होते आणि तिथेच पुन्हा खडा धरतो."

धुळ्याला गावाबाहेर एका ट्रस्टचं आरोग्यभवन होतं. ऑपरेशन झालेली माणसं घरी जाण्याआधी तिथे राहत. बारा खाटा, लांबलचक ओसरी, दारात कडुनिंब, आणि रोज सकाळी फेरी मारणारे एक डॉक्टर. माझ्या घरापासून सायकलने वीस मिनिटं. मी सुगनला तिथे ठेवलं.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी मला एक कागद दिला. त्याला ते इनटेक-आउटपुट चार्ट म्हणत. पोटात किती पाणी गेलं आणि लघवी किती झाली, त्याचा तक्ता. गणिताच्या मास्तरला आणखी काय हवं? मी पट्टी घेऊन रेघा मारल्या, लाल शाईने मथळे लिहिले. दिवसभर मी शेजारी बसायचो. दिवे लागताना भेटायला आलेल्यांना बाहेर काढत, तेव्हा निघण्यापूर्वी त्याच्या खाटेजवळ दोन तांबे भरून ठेवायचो. सकाळी आठला यावं तर दोन्ही तांबे रिकामे. मी समाधानाने लिहायचो, रात्री दोन तांबे.

पाचव्या दिवशी सुगनला थंडी वाजून ताप आला. सहाव्या दिवशी तीच गत. लघवी चहासारखी, आणि तीही थोडीच. डॉक्टरांनी तक्ता हातात घेऊन कितीतरी वेळ पाहिला. "अहो, एवढं पाणी आत जातंय, मग ते जातंय कुठे?"

"घाम?" मी म्हणालो. बाहेर नुसती आग ओतत होती.

"उन्हाळा मीही बघतोय, मास्तर."

मी घरी जाऊन पुन्हा बेरीज केली. बेरीज बरोबर होती. उत्तर बरोबर आणि माणूस मात्र तापाने फणफणलेला, हे माझ्या डोक्यात काही केल्या बसेना. तांब्याला भोक आहे का, हेही मी उजेडात धरून पाहिलं. हसू नका. आपलं माणूस खाटेवर असलं की असलंच काहीतरी सुचतं.

गुरुवारी डॉक्टर सुगनला म्हणाले, "पाणी पिताय ना नीट?" त्याने तोंड उघडलं होतं. पण त्याच्याआधी मीच तक्ता पुढे केला. "हे बघा ना, डॉक्टर, सगळं लिहिलंय." डॉक्टरांनी मान हलवली आणि मला ओसरीत नेलं. "मग आत कुठेतरी अडलंय. एखादा तुकडा राहिला असेल. शनिवारपर्यंत ताप उतरला नाही तर जळगावला न्या. पुन्हा उघडावं लागेल. मूत्रपिंड खराब झालेलं निघालं तर नेफ्रेक्टॉमी." म्हणजे मूत्रपिंडच काढून टाकायचं.

ओसरीतलं बोलणं आत ऐकू गेलं असावं. मी आलो तर सुगनने विचारलं, "मास्तर, एका मूत्रपिंडावर माणूस किती वर्षं काढतो रे? पोराचं लग्न बघण्याइतकी?"

"तुझ्या नातवाची मुंज बघशील," मी म्हणालो.

"आमच्यात मुंज नसते," तो म्हणाला आणि कूस बदलली. मी बाहेर कडुनिंबाखाली येऊन रडलो. सरळ सांगतो, ढसाढसा रडलो.

शुक्रवारी मला घरी राहवेना. सहालाच सायकल काढली. ओसरीशी पोचलो तर तिथली झाडलोट करणारी यमुनाअक्का सुगनच्या खाटेजवळचे दोन्ही तांबे घेऊन बाहेर आली आणि कडुनिंबाच्या बुंध्याशी तिने ते उपडे केले. धो धो पाणी. पुरते भरलेले होते दोन्ही.

"अक्का! हे काय करता?"

"काय व्हयनं भाऊ? रातनं पानी शे ते. शियं पानी आजारी मानूसले देतस का? मी रोज सकायमा बठ्ठं वती देस."

खरंच होतं तिचं. रात्रीचं शिळं पाणी सकाळी ओतून भांडं घासायचं, हे माझ्याही घरात रोज चालतं. आठ वाजता मी घासलेले, कोरडे तांबे बघत होतो आणि लिहीत होतो, रात्री दोन तांबे.

"रोज भरलेले असतात?"

"भरेलच ऱ्हातस. मी समजनू, तुम्ही आंघोयले ठेवतस."

मी तरातरा आत गेलो. सुगन जागाच होता. "रात्री पाणी पीत नाहीस?"

तो हळूच म्हणाला, "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जळगावला महाराजसाहेबांकडे, आमच्या मुनींकडे, जाऊन नियम घेतला. चौविहाराचा. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणीही नाही. बरा होईपर्यंत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू हसशील म्हणून."

आम्ही पाचोऱ्याच्या स्टेशनवर अंधार पडल्यावर भजी खायचो, तेव्हा मीच त्याला चिडवायचो, "खा, खा, महाराज काही बघत नाहीत." वीस वर्षं चिडवत होतो. तो हसायचा. मला वाटायचं, त्यालाही ती गंमतच वाटते.

पण माझा स्वभाव. दुसऱ्याच मिनिटाला मी कडाडलो, "अरे, पाणी प्यायल्याशिवाय बरा कसा होणार? आणि बरा झाल्याशिवाय पाणी पिणार नाहीस! हे कसलं त्रांगडं?"

"भीती वाटली होती, वसंता," तो म्हणाला. मी मास्तर झाल्यापासून पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली. "घेतला नियम. आता मोडला आणि काही झालं तर?"

डॉक्टर आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी मला झापलं. "तुम्ही माणसाचा तक्ता ठेवत होतात की तांब्याचा?" मग खुर्ची ओढून सुगनजवळ बसले. मला वाटलं, आता याला फैलावर घेतील. ते म्हणाले, "सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालेल ना?"

"चालेल."

"मग दर अर्ध्या तासाला पेलाभर, माझ्या औषधांसकट. मंगळवारपर्यंत थांबतो. त्यानंतर तुमचा नियम आणि माझा नियम यांतला एकच राहील."

मे महिन्याचा दिवस मोठा, तेवढं आमच्या पथ्यावर पडलं. मी उजाडताच हजर व्हायचो. पेला हातात द्यायचो, त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होताना बघायचो आणि मगच लिहायचो. चिडायचा बिचारा. रविवारी लघवीचा रंग उतरला. सोमवारी ताप उतरला. मंगळवारी डॉक्टरांनी जळगावचं नाव काढलं नाही. तो नियमाने बरा झाला, पाण्याने झाला की डॉक्टरांच्या शहाणपणाने, ते मला अजून उलगडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणावर माणूस सांभाळायची वेळ आली तर एवढंच करा, त्याच्या वतीने उत्तर देऊ नका. आणि तो काय मनात धरून बसलाय ते विचारण्याआधी, आपण कधी त्याला हसलो होतो का, तेही आठवा.

दिवाळीनंतर सुगन जळगावहून तपासणी करून थेट माझ्या घरी आला. बायको बरोबर होती, तिच्या कडेवर तीन महिन्यांची मुलगी. देवाजवळ दिवा लागला होता, बाहेर अंधार पडला होता. माझी बायको चहाचं विचारणार, तेवढ्यात मी तिला डोळ्यांनी खुणावलं की नको, याचा नियम आहे.

"वहिनी," सुगन म्हणाला, "तांब्याभर पाणी द्या."

त्याने तांब्या तोंडाला लावला, घटाघटा सगळा रिकामा केला, आणि माझ्यासमोर उपडा धरला.

"लिही मास्तर," तो म्हणाला. "रात्री एक तांब्या."