मास्तरांचा उजवा गाल

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला चिकटून, एक खुर्ची, एक आरसा आणि एक गळका नळ एवढंच त्याचं दुकान. पंचवीस वर्षं तो न्हावी तिथं ऑपरेशनआधीची डोकी भादरत होता आणि वॉर्डात फिरून अंथरुणाला खिळलेल्यांच्या दाढ्या करत होता. हात हलका, तोंड मात्र सैल. समोरचा बेशुद्ध असला तरी याची टकळी चालूच.

"मामा, त्यांना ऐकू येत नाही," नर्स हसायची.

"म्हणून तर बोलतो, बाई. घरी माझी पाळी कुठं येते?"

त्या वॉर्डात एक दिवस त्याचा स्वतःचाच माणूस आला. मास्तर. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, याचे शेजारी. चंद्र बघायची दुर्बीण गच्चीवर चढवताना शिडीवरून पडले ते डोक्यावर.

तीस वर्षं दर रविवारी मास्तर याच्या पुढ्यात गाल देऊन बसायचे आणि दोघं भांडायचे. मास्तर म्हणायचे, "अरे, जाणीव म्हणजे मेंदूचं काम. गिरणी बंद, पीठ बंद." हा म्हणायचा, "पण दाणे टाकणारा कोण, मास्तर? गिरणी काय स्वतःच दळण घेऊन येते?" मास्तरांची बायको आतून ओरडायची, "आधी दाढी उरका, मग देव आहे का नाही ते ठरवा!"

आता तीच वहिनी खाटेशेजारी डोळे मिटून, ओठातल्या ओठात देवाचं नाव घेत बसली होती. अठरा दिवस झाले. श्वास चालू, डोळे मधूनच उघडत, पण नजर कुठंच ठरत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी चिमटे काढून पाहिले, हाका मारून पाहिल्या. सोमवारपर्यंत काही खूण दिसली नाही तर मास्तरांना गावाबाहेरच्या केंद्रात हलवायचं ठरलं. तिथं कूस बदलतात, नळीनं भरवतात, बस. व्यायाम नाही, उपचार नाही. खाटेसाठी मागं रांग होती, हेही खरंच.

शनिवारी न्हाव्यानं फेस लावला. मास्तरांच्या दोन्हीकडच्या दाढा कधीच पडलेल्या, गाल खड्ड्यात गेलेले. अशा गालावर वस्तरा अडखळतो, म्हणून गिऱ्हाइकाला आतून जीभ टेकवायला सांगावं लागतं. सवयीनं तो बोलून गेला, "हं, डावी लावा, मास्तर."

आणि डावा गाल आतून फुगला.

मास्तरांना तसंच अर्ध्या फेसात सोडून न्हावी धावत डॉक्टरीणबाईंकडे गेला.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मामा, तीस वर्षांची सवय आहे. गालाला पातं लागलं की जीभ जात असेल. सवयीला माणूस जागा असावा लागत नाही."

न्हाव्याला राग आला. मग हसू आलं. मास्तर जागे असते तर शब्दन् शब्द हेच बोलले असते! रविवारभर तो रिकाम्या खुर्चीत बसून डोकं खाजवत राहिला.

सोमवारी सकाळी तो बाईंपुढं उभा. "पातं डाव्या गालावर ठेवतो अन् सांगतो उजवी. सवय असेल तर जीभ डावीकडं जाईल. ऐकत असेल तर उजवीकडं."

बाईंनी कागद-पेन ओढलं. "दहा वेळा करू. कुठली बाजू ते मी सांगणार. आणि मधे गप्पा नाहीत."

"ते जरा अवघड आहे," न्हावी म्हणाला.

पातं डावीकडं टेकलं. "उजवी, मास्तर."

काही नाही. वहिनीचे ओठ थांबले. नळीतलं पाणी टपटपत होतं. न्हाव्याच्या कपाळावरचा घाम मास्तरांच्या छातीवर पडला. मग गुहेतून अस्वल निघावं तशी, सावकाश, उजव्या गालात जीभ आली.

"एक," बाईंनी कागदावर खूण केली.

दहातून आठ बरोबर. नववी आणि दहावी खेप चुकली. बाई म्हणाल्या उजवी, जीभ गेली डावीकडं. त्या म्हणाल्या डावी, तर गेली उजवीकडं.

"दमले असतील," बाई म्हणाल्या.

"दमलेत कुठले!" न्हावी खोखो हसत सुटला. "बाई, ही चूक नाही, खोडी आहे. तीस वर्षांत माझं एक वाक्य यांनी सरळ जाऊ दिलेलं नाही. आत बसून पुन्हा भांडायला लागलेत!"

वहिनी एकाच वेळी रडत आणि हसत होती. "माझ्या जपानंच झालं," ती म्हणाली. बाईंनी केंद्राचा कागद फाडून टोपलीत टाकला आणि सकाळ-संध्याकाळचा व्यायाम लिहून दिला.

दोन महिन्यांनी मास्तरांच्या तोंडून तुटक शब्द यायला लागले. न्हाव्यानं दाढी करता करता मनातलं विचारून घेतलं, "मास्तर, एवढे दिवस होता कुठं? काही दिसलं का पलीकडचं?"

"अंधार," मास्तर म्हणाले. "अन् तुझी बडबड."

"मग?"

"म्हटलं... हा स्वर्ग... नक्कीच नव्हे."

अख्खा वॉर्ड हसला. न्हाव्यानं पातं डाव्या गालाला लावलं. "म्हणजे गिरणी बंद होती, तरी दळण ऐकू येत होतं. आता बोला! अन् डावी लावा."

मास्तरांनी मुद्दाम उजव्या गालात जीभ घातली.