वनजाबाईंचं भुयार

म्हैसूरच्या अग्रहारातल्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वनजाबाई युद्धात मारल्या गेल्या, हे गल्लीत कुणालाच कळलं नाही. खाली राहणाऱ्या घरमालकिणीने तर त्याच संध्याकाळी त्यांना गच्चीवर वाळलेले कपडे काढताना पाहिलं. युद्ध कॉम्प्युटरवरच्या एका खेळातलं होतं, आणि साठी ओलांडलेली बाई असलं काही खेळत असेल अशी शंका कुणाला यायचं कारण नव्हतं.

त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. घरात बोलायची मराठीच, पण तिच्यात कन्नड इतकी मुरलेली की पुण्याकडच्या पाहुण्यांना निम्मं कळायचं नाही. घोडदळाचा सगळा अभिमान हासनला राहणाऱ्या भावाकडे, पांडुरंगरावांकडे गेला. वनजाबाईंच्या वाट्याला टेलिफोन खात्यातली नोकरी आली. तरुणपणी त्या ट्रंककॉल जोडून द्यायच्या. दोन माणसांचं बोलणं सुरू झालं की आपण बाजूला व्हायचं, हे काम त्यांना आवडायचं. लग्नाची बोलणी झाली तेव्हा आईचं दुखणं आडवं आलं, आणि पुढे तो विषय कुणी काढेनासं झालं. आईचं सगळं त्यांनीच केलं. आई गेली आणि पाठोपाठ नोकरीही संपली.

मधली काही वर्षं मात्र घर भरलेलं होतं. भावाचा मुलगा भुवन इंजिनिअरिंगसाठी म्हैसूरला आला तो आत्याकडेच राहिला. त्याच्या आवडीचा बिसिबेळे भात रविवारी ठरलेला असे. शिक्षण संपवून तो जर्मनीला नोकरीवर निघाला तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर त्याने आत्याच्या टेबलावर मांडून दिला.

"फोनवर बोलायला तुला काही सुचत नाही, मलाही नाही," तो म्हणाला. "ह्या गेममध्ये ये. तिथं भेटू आपण."

खेळात एक उत्तरेचं राज्य होतं, एक दक्षिणेचं, आणि त्यांचं कधी न मिटणारं वैर. भुवन उत्तरेचा घोडेस्वार होता. वनजाबाईंना तलवार चालवणं जमेना, म्हणून त्याने त्यांना जादूगार करून टाकलं. प्रत्येक जादूगाराने कुठल्या तरी एका सिंहासनाची शपथ घ्यायची असा तिथला कायदा. शपथेचं पान समोर आलं तेव्हा कुठलं बटण दाबायचं हे भुवनला विचारू म्हणून त्या थांबल्या. तो कामात होता. मुदत टळली आणि वनजाबाई फरारी ठरल्या.

भुवन पोट धरून हसला. हे खोडून नवीन माणूस बनव म्हणाला. वनजाबाईंनी तसं केलं नाही. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

फरारी जादूगारांना दोन्ही राज्यांत थारा नव्हता. त्यांना मारणाऱ्याला दोन्हीकडून इनाम मिळे, आणि एकदा मेलं की कमावलेली सगळी विद्या जाई. विजयस्तंभावर त्यांची नावं कोरली जात नसत. तरी युद्ध त्यांच्यावाचून चालत नसे. शपथ घेतलेला जादूगार फक्त आपल्याच माणसाची जखम भरू शके. फरारी कुणाचीही भरी. निरोप घेऊन ते इकडून तिकडे जात. आणि डोंगराच्या पोटातून भुयार उघडायची विद्या त्यांच्याखेरीज कुणालाच साधत नसे. त्यामुळे दिवसा त्यांच्यामागे लागणारे सैनिकच अडचण आली की गुपचूप त्यांना शोधत येत.

भुवन आठवडाभर नेमाने आला, मग अधूनमधून, मग येईनासा झाला. वनजाबाई खेळत राहिल्या. सकाळी मार्केटातून भाजी आणायची, स्वयंपाक उरकायचा, दुपारी टेबलाशी बसायचं. कुणीतरी रक्तबंबाळ होऊन यायचं, बरं व्हायचं, कधी दोन शब्द आभाराचे टाकायचं आणि निघून जायचं. निदान ते हाक तरी मारत होते. डोंगरात आणखी एक फरारी जादूगार त्यांच्यासोबत असे. त्याचं नाव होतं राखी घुबड. तो कुठल्या देशातला, बाई की पुरुष, त्यांनी कधी विचारलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. दोघं तासन्‌तास शेकोटीजवळ न बोलता बसत.

अशी दोन वर्षं गेली, आणि उत्तरेने दक्षिणेच्या सीमेवरच्या शहराला वेढा घातला. शहरात बहुतेक नवशिके होते. नुकतीच शपथ घेतलेले, धड पळताही न येणारे. फरारी जादूगारांनी त्यांना डोंगराखालून बाहेर काढायचं ठरवलं. भुयाराचं तोंड धरायचं काम वनजाबाईंकडे आलं, कारण एका जागी न हलता बसण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ह्याच युद्धासाठी भुवन खेळात परत आला. त्याच्या जुन्या तुकडीने त्याला बोलावून घेतलं होतं. आत्या अजून खेळते हे पाहून तो चकित झाला आणि रोज फोन करू लागला. वनजाबाईंना काय करू आणि काय नको असं झालं. फोनची वेळ झाली की त्या केस विंचरून बसत, फोनमध्ये चेहरा दिसत नसला तरी. काय जेवलास, तिथं थंडी पडली का, सगळं विचारून घेत. तोही सांगे. एवढं तर तो त्यांच्या घरात राहत असतानाही बोलला नव्हता.

हल्ल्याच्या आदल्या दिवशी मात्र तो सरळ मुद्द्यावर आला.

"आत्या, भुयार कुठं निघतं ते सांग. तू वाट दाखवलीस म्हटल्यावर आमच्यात तुझा मान होईल, फरारीपण माफ होईल. शपथ घे, आपण दोघं एकाच बाजूला राहू."

"आणि आतली ती मुलं?"

"गेम आहे की आत्या. मेली तर परत सुरू करतील."

सांगितलं तर हा रोज फोन करत राहील, हे वनजाबाईंना स्वच्छ दिसत होतं. नाही सांगितलं तर काय होईल, तेही दिसत होतं.

"बेडा, नको भुवन," त्या शेवटी म्हणाल्या. "ते विचारू नको. तुझी थंडी कशी आहे ते सांग."

त्याने काम आहे म्हणून फोन ठेवला.

रविवारी दुपारी युद्ध पेटलं. वनजाबाईंनी भुयार उघडलं आणि राखी घुबड पुढे राहून एकेकाला वाट दाखवू लागला. नवशिके धडपडत, एकमेकांवर आपटत आत शिरत होते. भुयार उघडं धरणाऱ्याला स्वतःला त्यातून जाता येत नसे. तो जागचा हलला की डोंगर मिटे. खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, दारावरची बेल वाजली, वाजून थांबली. वनजाबाईंनी बटणावरचं बोट उचललं नाही.

उत्तरेचे घोडेस्वार चढावरून आले तेव्हा थोडे नवशिके आत जायचे बाकी होते. सगळ्यांत पुढे भुवन होता. त्याचा घोडा वनजाबाईंच्या अगदी अंगाशी येऊन थांबला.

'आत्या, सरक,' त्याने लिहिलं.

त्या सरकल्या नाहीत. एका हाताने त्यांनी 'थांब जरा' असं लिहायला घेतलं. मराठी अक्षरं उमटवायला त्यांना नेहमीच वेळ लागे. मागून त्याची तुकडी येऊन उभी राहिली. भुवन क्षणभर तसाच थांबला आणि मग त्याने तलवार चालवली.

पडदा करडा झाला. शेवटचा नवशिका आत गेला की नाही, हे त्यांना दिसलं नाही. राग म्हणावा तर तो आला नाही. मनात आलं ते एवढंच, की घर सोडून गेल्यापासून हा इतक्या जवळ कधी आला नव्हता. मग त्या उठल्या आणि गच्चीवरचे कपडे काढायला गेल्या.

संध्याकाळी भुवनचा फोन आला. सगळे बघत होते, माझा नाइलाज झाला, असं म्हणाला. सरी, सरी, बरं बरं, असं वनजाबाई म्हणत राहिल्या. दसऱ्याला येशील का, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यानेच सांगितलं की यंदा रजा मिळत नाही. त्यानंतर रोजचे फोन बंद झाले.

त्या आठवड्यात वनजाबाईंनी कॉम्प्युटर उघडला नाही. घरात करमेना, तेव्हा बसने बन्नूरला गेल्या, चुलतबहीण जयलक्ष्मीकडे. ती मागच्या अंगणात शेंगा सोलत होती. तिच्याबरोबर सोलता सोलता वनजाबाईंनी सगळं सांगितलं. राज्यं, भुयार, भुवन. आयुष्यात त्यांनी कुणाला एवढं लांबलचक काही सांगितलं नव्हतं. जयलक्ष्मीने मन लावून ऐकून घेतलं.

"मग तू कुणाकडून लढत होतीस?" तिने विचारलं.

"कुणाकडून नाही."

"मग मेलीस कशाला?"

ती चेष्टा करत नव्हती, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. वनजाबाईंनी उत्तर शोधून पाहिलं. आतली ती मुलं खरी मुलं नव्हती, डोंगर खरा नव्हता, आणि जीव तर शाबूत होता. गेलं होतं ते काय, हे शेंगा सोलणाऱ्या बहिणीला दाखवता येण्यासारखं नव्हतं. त्या म्हणाल्या, "असंच." जयलक्ष्मीने मान हलवली आणि सुनेला कॉफी टाकायला सांगितलं. निघताना तिने गुळाची ढेप बांधून दिली.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली. उसाची शेतं मागे पडत होती. शेजारची बाई फोनवर कुणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होती. वनजाबाईंनी ढेप मांडीवर धरली आणि शहर येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या.

भुवन आता सणासुदीला फोन करतो. खेळाचा विषय दोघंही काढत नाहीत. वनजाबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आहे. जखमा भरायची विद्या जेमतेम आली आहे, भुयाराची यायला अजून फार अवकाश आहे. राखी घुबड त्या रविवारनंतर दिसला नाही. तोही मारला गेला, की त्याने खेळच सोडला, हे विचारायला त्यांच्याकडे त्याचा पत्ता नाही. दुपारी त्या डोंगरातली शेकोटी पेटवतात आणि कुणी येतं का बघत बसतात.