चाचांची मराठी सही

पोस्टात माझ्या नावाचं खातं उघडलं ते शेजारच्या वकीलचाचांमुळं. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर सांगण्याच्या नादात राहून जायचं.

मी सातवीतून शाळा सोडलेली, लग्न होऊन कोकणातून धाराशिवला आलेली. तिकडं आईची नजर गेली होती. जायचा विषय काढला की सासूबाई म्हणत, "बघू दिवाळीला." कुठली दिवाळी ते सांगत नसत.

चाचांची सगळी वकिली उर्दूत झालेली. निजामी गेली, कोर्टाची भाषा बदलली आणि म्हातारपणी त्यांना मराठी शिकायची पाळी आली. राज्यघटनेवरचं एक मराठी पुस्तक त्यांनी आणलं. रोज दुपारी मी ते मोठ्यानं वाचायची आणि त्यांना अक्षरं गिरवायला द्यायची. "वकील फी घेतो, मग वाचणारानं का घेऊ नये?" असं म्हणून ते महिन्याला पैसे हातावर ठेवत. ते घरात ठेवले की घरचे होत.

कायद्यापुढं सगळे समान, हे वाचलं त्या दिवशी मी विचारलं, "चाचा, सासू-सून पण?"

"बेटी, हे कलम सरकारला लागू आहे. सासूबाईंना न्हाय." मग म्हणाले, "पोस्ट मात्र सरकारचं आहे."

पोस्टातला कारकून म्हणाला, "तुम्हाला वळखतं कोण? मालकांना घेऊन या." मालकांना कळलं की सासूबाईंना कळलंच.

माझ्याबरोबर आलेले काळ्या कोटातले चाचा पुढं झाले. समानतेचं अख्खं कलम त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवलं, एकही शब्द न चुकता. रांगेतले लोकसुद्धा माना वळवून ऐकू लागले.

"लई ब्येस," कारकून म्हणाला. "आता वळख कोण देतंय?"

"मी देतो." चाचांनी झोकात उर्दू सही ठोकली. कारकुनानं कागद सुलटा धरला, उलटा धरला. "वकीलसाहेब, हे मला वाचता येत न्हाय. चालायचं न्हाय."

याच सहीवर त्यांची सारी हयात कोर्ट चाललं होतं. चाचांनी टाक पुन्हा बुडवला आणि ते खाली मराठीत एकेक अक्षर काढू लागले. मध्येच माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "बेटी, वेलांटी कुठल्या बाजूला?" मागं कुणीतरी हसलं. चाचांनी वरची रेघ पूर्ण ओढूनच हात उचलला.

"हां, आता झालं!" कारकून म्हणाला.

राज्यघटनेनं जे झालं नाही, ते पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरांनी झालं. त्या खात्यातल्या पैशांवर मी आईला भेटून आले. तिनं माझा चेहरा हातांनी चाचपून पाहिला.

चाचांनी त्यानंतर उर्दू सही केलेली मी पाहिली नाही. त्या दिवशी घरी येऊन ते पुन्हा त्या मराठी पुस्तकापुढं बसले, एवढंच. मला दिलेली फी परत घेणाऱ्यातले ते नाहीत, पण त्या सहीचं देणं माझ्यावर आहे. मी उर्दू शिकेन. त्यांची जुनी सही त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवेन, आणि त्या वाचनाची फी घेणार नाही.