बाहीची गोधडी

शिवऱ्याच्या वरच्या अंगाला एक सपाट माळ आहे. त्याला अजून इमानाचा माळच म्हणतात. मोठ्या लढाईच्या वेळी मिल्ट्रीनं तिथं विमानं उतरायला पट्टी केली, एक दगडी खोली बांधली आणि एक लोखंडी खांब रोवला. खांबाला वर कडं, कड्याला कापडाची लांब पिशवी. वारा भरला की ती सदऱ्याच्या बाहीसारखी फुगायची आणि विमानवाल्याला वरून कळायचं, वारा कुठून कुठं चाललाय. गावानं तिचं नाव ठेवलं बाही.

लढाई संपली. साहेब गेले, विमानं गेली, बाही तेवढी राहिली. रोलर फिरवून दगड झालेली ती जमीन म्हणजे आयतं खळं, आणि आयतं मिळालेलं सोडायला शिवऱ्याची माणसं काही खुळी नव्हती. सगळ्या गावाची मळणी तिथंच व्हायला लागली. बाही कुठं फुगलीय ते बघायचं आणि बायकांनी धान्य वाऱ्यावर उपणायला उभं राहायचं.

फुलाबाई मूळची पासलीची, भातखाचरातली पोर. लग्न होऊन आली तेव्हा तिनं सासूला विचारलं, "आत्याबाई, एवढ्या उंच कुनाचा सदरा वाळत घातलाय?"

"सरकारचा," सासू म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी सुनेच्या हातात सुई दिली. सासरे सोनबा मिल्ट्रीच्या वेळचे माळाचे राखणदार. बाहीची देखभाल त्यांच्या घराकडं. म्हणजे नाव सोनबाचं आणि टाके बायकांचे.

सासूची एक गोष्ट फुलाबाई अजून सांगते. पहिल्या बाहीचं शेपूट उघडं बघून सासूला वाटलं, बिचारी उसवलीय. तिनं मायेनं ते शिवून टाकलं. वारा भरला तशी बाही पोटुशी बाईसारखी फुगली आणि कडं उपटून शेजारच्या हरभऱ्यात जाऊन पडली. साहेबानं सोनबाला उभं-आडवं झापलं. "विंग्रजीत व्हतं म्हनून बरं," सासू म्हणायची, "अंगाला काय बी लागलं न्हाई."

सासू गेली, फुलाबाईचा नवरा गेनू गेला. दर सुगीच्या आधी जुनं लुगडं नाहीतर धोतर फाडायचं, बाही शिवायची, कुणाला तरी खांबावर चढवायचं, हे मात्र चुकलं नाही. आता मळणीयंत्र आलंय, पण यंत्रवालासुद्धा आधी बाहीकडं बघतो आणि मग यंत्राचं तोंड फिरवतो. नाहीतर सगळा भुसा देवळात.

यंदा भोरहून आनंदराव आले. विमानदलातून निवृत्त झालेले, बोलायला गोड माणूस. दगडी खोलीत माळाच्या जुन्या आठवणी मांडायचं त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मनावर घेतलेलं. फोटो गोळा केले होते, विमानाच्या पंखाचा एक पत्रा मिळवला होता, आणि खांबासाठी नवी कोरी नायलॉनची बाही आणली होती, केशरी-पांढरी.

"आजी, लई वर्षं केलंत. आता तुमची सुटका," ते म्हणाले.

फुलाबाईच्या मांडीवर अर्धी शिवलेली बाही होती. तिनं सुई कापडात टोचून ठेवली आणि नातसुनेला म्हणाली, "अश्विनी, च्या टाक."

अश्विनी आतून म्हणाली, "बरं झालं. रोज सुईत दोरा ओवून माझे डोळे गेले."

"डोळं मोबाईलनं गेलं तुझं. सुईवर नगं घालूस."

आनंदराव हसले. मग जरा पुढं सरकून त्यांनी विचारलं, "आजी, मिल्ट्रीची ती पहिली बाही... तिचा एखादा तुकडा राहिला असेल का हो?"

"हाय की. पांघरलीय म्या."

आनंदरावांना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. पण फुलाबाईनं खांद्यावरची गोधडी काढून त्यांच्यापुढं टाकली. फाटलेली बाही ह्या घरात कधी फेकली नव्हती. तिचा धड तुकडा गोधडीत जायचा. आनंदरावांनी खिशातून छोटी कात्री काढली.

"कात्री न्हाई लावायची. उसवायचं," फुलाबाई म्हणाली आणि तिनं स्वतःच एक कोपरा सोडवला.

एकेका जुन्या बाहीचा एकेक थर. वर तिचं स्वतःचं हिरवं लुगडं. त्याखाली नणंदेचं, बाळंतपणात गेली तिचं. त्याखाली गेनूचं धोतर. मग सासूचं इरकल, हात लावलं की विरणारं. आणि सगळ्यात खाली जाड पांढरं कापड, कोपऱ्यावर पुसट काळा शिक्का. आनंदरावांनी शिक्क्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही.

"आजी, एवढं कापड काढून द्या. काचेच्या कपाटात ठेवतो."

"तेवढंच? मंग वरच्यांनी काय पाप केलं?"

आनंदरावांनी कात्री परत खिशात घातली आणि म्हणाले, "अख्खी गोधडीच दिलीत तर?"

फुलाबाईनं गोधडीवरून हात फिरवला. पोरं हिच्यातच वाढली होती. गेनू हिच्याखालीच गेला होता.

"देईन. थंडीत घरी आनायची. पर ती पुरी न्हाई झाली अजून. दर साली त्या सालची फाटकी बाही तिच्यात जाती."

"जाईल की. नायलॉनची बाही फाटली की..."

"नायलॉन गोधडीत घालत न्हाईत, सायेब. ऊब न्हाई त्याला. नुसता घाम."

आनंदरावांनी दारातून माळाकडं बघितलं, मग शेजारच्या केशरी-पांढऱ्या घडीकडं. चहा निवून गेला.

"मग ही आम्ही कपाटात ठेवू," ते घडीवर हात ठेवून हळूच म्हणाले. "खांबावर तुमचीच."

ते गेल्यावर अश्विनी येऊन बसली. तिनं सुईत दोरा ओवला, आणि ह्या खेपेला सुई परत दिली नाही. अर्धी राहिलेली बाही आपल्याच मांडीवर ओढली. फुलाबाईनं डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडून बघते तर पोरगी बाहीचं शेपूट बंद करायला निघालेली.

"अगं ए! ते उघडंच ठेवायचं," फुलाबाई हसत हसत पुढं झाली. "आता शिव्या द्यायला सायेब पन न्हाई. मलाच द्याव्या लागतील, आन त्या मराठीत असतील."